मुलाबाळांसह गरी बेटावर: वाळूतली गाडी, तंबू आणि भरतीचा तक्ता

ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या उत्तरेला असलेल्या गरी बेटावर जायचं ठरलं की सगळ्यात आधी मी कालनिर्णय काढून अष्टमी कधी येते ते बघते. गाडी, तंबू, परवाने, शिधा हे सगळं त्यानंतर. या बेटावरचा मुख्य रस्ता म्हणजे समुद्रकिनारा, आणि तो रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. हे एक नीट समजून घेतलं की बाकी सहल आपोआप रांगेला लागते. ते समजून न घेता निघालं तर कितीही भारी गाडी असली तरी उपयोग नाही.

आम्ही ब्रिस्बेनला राहतो. मुलं लहान होती तेव्हापासून गरीला जातोय, आई-बाबा भारतातून आले तेव्हा त्यांनाही नेलं. इथल्या मराठी मंडळींत कुणी ना कुणी विचारतंच, "लहान मुलांना घेऊन आम्हाला जमेल का गं?" जमतं. पण तयारी हवी. ती तयारी एकदा क्रमानं लिहून काढतेय.

आधी बेटाची ओळख

इंग्रजीत नावाच्या सुरुवातीला 'के' लिहितात, पण तो मुका, उच्चार 'गरी'. कोकणात मासे पकडायच्या आकड्याला गरी म्हणतात, त्यामुळे आमच्या घरी नाव लगेच तोंडात बसलं. बेटाचे मूळ रहिवासी असलेल्या बुचुला लोकांच्या कथेत गरी ही एक देवता. पृथ्वी घडवायला तिनं हातभार लावला, या जागेच्या प्रेमात पडली आणि इथंच बेट होऊन राहिली. १८३६ साली फुटलेल्या एका जहाजावरच्या फ्रेझर दांपत्यावरून गोऱ्यांनी बेटाला फ्रेझर आयलंड म्हटलं. २०२३ मध्ये सरकारनं जुनं नाव अधिकृतपणे परत दिलं. बेटावर असताना तेच नाव वापरा, मुलांनाही सांगा.

जगातलं हे सगळ्यात मोठं वाळूचं बेट. लांबी १२० किलोमीटरच्या वर. १९९२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात. नुसत्या वाळूवर उभं राहिलेलं उंच सदाहरित जंगल इथं आहे, आणि पावसाच्या पाण्यावर भरणारी, टेकडीच्या कुशीत अडकून राहिलेली गोड्या पाण्याची चाळीसेक तळी आहेत. बेटावर गावठाणातले थोडे तुकडे सोडले तर डांबर जवळजवळ नाही. समोरच्या कूलूला भागासकट हे सगळं ग्रेट सँडी राष्ट्रीय उद्यानात येतं.

पहिली पायरी: तारीख ठरवणं

माझे आजोबा दापोलीकडचे. भरती कधी ते सांगायला त्यांना घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब कोकणपट्टीचा, तो इथं जसाच्या तसा चालत नाही. पण त्यातला दुसरा भाग जगभर चालतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती खूप वर आणि सुकती (ओहोटी) खूप खाली. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. गरीच्या पूर्व किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेला भरती साधारण सकाळीच येते आणि नेमका सकाळचा प्रवास अडतो. अष्टमीच्या सुमारास सकाळी सुकती मिळते. पहिल्यांदा, मुलं घेऊन जाणाऱ्यांनी तेच दिवस धरावेत. पाण्याचा चढ-उतार कमी आणि सकाळ मोकळी.

तिथीवरून फक्त अंदाज घ्यायचा. प्रत्यक्ष वेळ छापील तक्त्यातून किंवा हवामान खात्याच्या संकेतस्थळावरून घ्यायची, आणि ती 'वॉडी पॉइंट' या ठिकाणची घ्यायची. ब्रिस्बेनची वेळ घेऊन निघालात तर चुकाल.

मग हिशेब असा. समजा निघायच्या दिवशी सुकती सकाळी ९ ला आहे. तिच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन तास गाडी चालवायचे, म्हणजे ६ ते १२. रोज सुकती साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. चौथ्या दिवशी परत यायचं तर ती साडेअकराच्या सुमारास येईल, मग परतीची वेळ साडेआठ ते अडीच. भरतीच्या आगेमागे दोन-दोन तास किनाऱ्यावर चाक घालायचंच नाही. हा तक्ता मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवते, कारण बेटावर मोबाइलची रेंज तुटक असते.

ऋतू म्हणाल तर ऑगस्ट ते ऑक्टोबर सर्वांत चांगला. पाऊस कमी, थंडी सोसण्याजोगी, आणि समुद्रात हंपबॅक देवमासे दिसतात. डिसेंबर-जानेवारीत उकाडा, पाऊस आणि मोठाल्या चावऱ्या माश्या. ईस्टर आणि नाताळात गर्दी इतकी की पहिल्यांदा जाणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

दुसरी पायरी: गाडी

इथं मी स्पष्ट बोलते. शहरात मिरवणारी ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही या बेटासाठी नाही. जमिनीपासून पोट उंच असलेली आणि लो रेंज गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारा) असलेली खरी फोर-व्हील ड्राइव्ह हवी. आतल्या वाटांवर दोन चाकोऱ्यांच्या मधला वाळूचा उंचवटा इतका वाढलेला असतो की ठेंगणी गाडी त्यावर पोटानं बसते आणि चारही चाकं नुसती फिरत राहतात.

स्वतःची नसेल तर भाड्यानं मिळते, पण विमानतळावरची नेहमीची भाड्याची गाडी नको. त्यांच्या करारात वाळूवर न्यायला मनाई असते, आणि काही झालं तर विमा एक पैसा देत नाही. गरीसाठीच गाड्या देणारे लोक रेनबो बीच आणि हर्वी बे या गावांत आहेत. ते निघण्यापूर्वी समजावूनही सांगतात. ते सगळं ऐका, घाई करू नका.

वजन हा आपल्या लोकांचा कच्चा दुवा. चार दिवसांसाठी आठवड्याचा शिधा, दोन शेगड्या, गाद्या, खुर्च्या, सगळं टपावर. टपावर जड सामान ठेवलं की उतारावर, वळणावर गाडी कलंडते. जड वस्तू खाली, मागच्या सीटला टेकून, आणि पट्ट्यानं बांधून. टपावर फार तर तंबू.

गाडीत हे असलंच पाहिजे: हवेचा दाब मोजायचं मीटर, गाडीच्या बॅटरीवर चालणारा कम्प्रेसर, लांब दांड्याचं फावडं, चाकाखाली घालायच्या प्लॅस्टिकच्या रिकव्हरी बोर्डांची जोडी, ओढायचा स्नॅच स्ट्रॅप म्हणजे पट्टा, आणि तो अडकवायला शॅकल म्हणजे जाड लोखंडी कडी. कंपनीनं दिलेले, वजन पेलणारे रिकव्हरी पॉइंट, म्हणजे ओढायचा पट्टा अडकवायच्या जागा, गाडीला पुढं-मागं आहेत की नाहीत ते घरीच वाकून बघा. विमान किंवा जहाजातून आणताना गाडी बांधायला दिलेली बारीक कडी म्हणजे रिकव्हरी पॉइंट नव्हे.

तिसरी पायरी: परवाने आणि जागा

दोन परवाने लागतात: गाडीचा आणि तंबूचा. दोन्ही क्वीन्सलंड पार्क्स अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या संकेतस्थळावर आधीच काढायचे. बेटावर पोचून मिळतील या भरवशावर राहू नका. त्याच ठिकाणी 'पार्क अलर्ट' नावाचं पान असतं. वाट बंद आहे का, आगीची मनाई आहे का, एखादा तळ दुरुस्तीसाठी मिटलाय का, हे बुकिंगच्या आधी आणि निघायच्या आदल्या रात्री असं दोनदा वाचा.

जागा निवडताना मुलं असतील तर एकच गोष्ट बघा: कुंपण. बेटावर वोंगारी आहेत, म्हणजे डिंगो, इथले रानकुत्रे. डंडुबारा, सेंट्रल स्टेशन, लेक बूमानजिन आणि वॉडी पॉइंटचा वरचा तळ यांना कुंपण आहे. समुद्राला लागून उघड्यावर तंबू ठोकायला जागा भरपूर आहेत, फोटोतही त्याच दिसतात, पण तिथं संडास नाही, पाणी नाही, कुंपण नाही. पहिल्या खेपेला डंडुबारा घ्या. न्हाणीघर आहे, झाडांची सावली आहे, समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे. आई-बाबांना तिथंच नेलं होतं.

चौथी पायरी: शिधा

दुकानं आणि पेट्रोल युराँग, हॅपी व्हॅली, ऑर्किड बीच इथं मिळतं, पण महाग. टाकी मुख्य भूमीवरच काठोकाठ भरा. वाळूत गाडी डांबरापेक्षा बरंच जास्त पेट्रोल पिते. पिण्याचं पाणी माणशी रोज पाच लिटर धरून न्या. नळाचं किंवा ओढ्याचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.

खाण्यात मी सुटसुटीतपणा ठेवते. पहिल्या दिवशी दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कारण पोचल्या पोचल्या चूल मांडायचं त्राण नसतं. मग पिठलं-भात, मेतकूट, मुगाची खिचडी, रव्याचं भाजून नेलेलं उपम्याचं मिश्रण. छोटा कुकर आणि गॅसची शेगडी पुरते. पाण्याच्या बाटल्या गोठवून बर्फपेटीत ठेवल्या की बर्फाचं काम करतात आणि वितळल्या की प्यायला होतात.

लाकडं पेटवायची हौस बाजूला ठेवा. बेटावर शेकोटीला मनाई आहे. फक्त डंडुबारा आणि वॉडी पॉइंटच्या तळांवर उद्यानानं केलेल्या सामायिक चुलाण्यात, आणि तेही घरून नेलेल्या कापीव, रंग-रसायन नसलेल्या लाकडावर, ती पेटवता येते. २०२० च्या ऑक्टोबरात कुणीतरी बेकायदा पेटवलेली शेकोटी नीट विझवली नाही. आग दोन महिन्यांच्या आसपास धुमसत राहिली आणि जवळजवळ निम्मं बेट जळलं. पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा काळ्या बुंध्यांना खालपासून वरपर्यंत पोपटी पालवी चिकटल्यासारखी फुटली होती. थोरलीनं एका बुंध्याला हात लावला तर तळवा कोळशानं काळा झाला. ती बराच वेळ हाताकडे बघत राहिली.

पाचवी पायरी: इन्स्किप पॉइंट, जिथं बहुतेक गाड्या रुततात

ब्रिस्बेनहून रेनबो बीच साधारण तीन तास. तिथून थोडं पुढं गेलं की इन्स्किप पॉइंट, जमिनीची सोंड. तिच्या टोकावरून गाड्या नेणारा बार्ज सुटतो, आपल्या दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीसारखा. तो सतत ये-जा करतो, दहाएक मिनिटांत पलीकडे हूक पॉइंटला पोचवतो. तिकीट आधी काढून ठेवा.

डांबर संपतं आणि बार्ज लागतो, त्यामधली पुळण सगळ्यात मऊ. शेकडो गाड्यांनी तुडवलेली, कोरडी, पिठासारखी. अख्ख्या बेटावर न रुतलेले लोक इथं रुततात, कारण चाकातली हवा त्यांनी कमी केलेली नसते.

हवा कमी करणं हीच वाळूत चालवायची सगळ्यात मोठी विद्या आहे. दाब उतरला की चाक खाली पसरतं आणि लांबट होतं, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि गाडी वाळू कापण्याऐवजी तिच्यावरून तरंगत जाते. उंटाच्या पायासारखं. डांबरावर चाकात हवेचा दाब ३५ ते ४० पीएसआय असतो. डांबर संपायच्या आधी बाजूला थांबून चारही चाकं १८ ते २० वर आणा. चार चाकांना वीसेक मिनिटं लागतात. त्या वेळात मुलांना खाऊ-पिऊ घाला. एक मात्र लक्षात ठेवा: इतक्या कमी हवेवर जोरात वळण घेतलं तर टायर रिमवरून निसटतो. म्हणून चाक हळू वळवायचं, वेगही बेतानं.

पहिल्या खेपेला मी २८ वर थांबले. "एवढं पुरे," असं वाटलं. बार्ज समोर दिसत होता, पन्नास पावलांवर. पुढची चाकं जड झाली, इंजिनाचा आवाज खोल गेला, आणि मी घाबरून ॲक्सिलरेटर आणखी दाबला. पाच सेकंदांत गाडी धुरीपर्यंत खाली. मागच्या गाडीतला एक वयस्कर माणूस उतरला, खिडकीशी आला आणि एवढंच म्हणाला, "इंजिन बंद कर, घाई नाहीये." त्यानं माझ्या मीटरनं दाब मोजला, १६ पर्यंत उतरवला, चाकांपुढची वाळू हातानंच बाजूला केली. मी रिव्हर्समध्ये हळूच आले तशी गाडी आपल्याच चाकोरीवरून अलगद बाहेर निघाली. बोर्ड नाही, पट्टा नाही. तेव्हापासून मी दाबाच्या बाबतीत कुणाचंही, स्वतःचंही, 'एवढं पुरे' ऐकत नाही.

या टोकाला तंबू ठोकायचा असेल तर पाण्याच्या अगदी कडेला ठोकू नका. २०१५ साली इथल्या तळावरची किनाऱ्याची कड रात्रीतून समुद्रात खचली आणि गाडी, कॅरावॅन, तंबू सगळं घेऊन गेली. माणसं वाचली.

सहावी पायरी: किनाऱ्यावर गाडी चालवताना

हूक पॉइंटला उतरल्यावर फोर-व्हील घातलेलीच ठेवा. पूर्वेचा हा किनारा सरकारदप्तरी रीतसर रस्ता आहे. सीटबेल्ट, दारूची मर्यादा, वेग, सगळे नियम लागू, आणि पोलीस तपासतात. वेगमर्यादा किनाऱ्यावर ताशी ८०, आतल्या वाटांवर ३०, तंबूंजवळ त्याहून कमी. पाट्या बघा. सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीट हवीच. "इथं कोण बघतंय" म्हणून मांडीवर घेऊ नका.

लाट जिथं येऊन मागं जाते ती ओली कड आणि वरची कोरडी मऊ पुळण, या दोन्हींच्या मधे ओलसर, कडक पट्टा असतो. चालवायची जागा तीच. पाण्यात चाकं घालून फवारे उडवणारे लोक दिसतील. त्यांच्या मागं जाऊ नका. खारं पाणी गाडीच्या पोटाला आतून खातं, आणि लाटेखालचा खड्डा दिसत नाही. समोरून गाडी आली की आपण कुठल्या बाजूनं जाणार ते दाखवायला इंडिकेटर द्या. साधारणपणे डावीकडून जायचं.

वेग कमी ठेवायचं खरं कारण वेगळंच आहे. जमिनीतून झिरपणारे गोड्या पाण्याचे ओहोळ समुद्राकडे जाताना वाळूत पायऱ्या कोरतात. लांबून नुसती ओली रेघ दिसते. जवळ गेल्यावर ती गुडघाभर खोल निघते. आठ सेकंद आधी दिसली तर थांबता येतं. अशा ओहोळापाशी आधी थांबा, कुणीतरी उतरून पायी ओलांडून बघा, मग लो रेंजमध्ये तिरकं न जाता सरळ पार करा. सकाळी आणि संध्याकाळी उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली की कड दिसतच नाही. त्या वेळी मी ४० च्या वर जात नाही. आणि एक नवल: किनाऱ्यावर छोटी विमानंही उतरतात. त्या पट्ट्याला पाट्या असतात. विमान दिसलं तर कडेला व्हा.

पॉयुंगन आणि यिडनी इथं खडक आडवे येतात. तिथं आतून वळसा आहे. सुकतीला खडकावरून जाता येतं असं सांगणारे भेटतील, वळसाच घ्या.

आतल्या वाटा वेगळ्या. एकेरी, चाकोरीच्या, मुळांच्या. चाकोरीतून बाहेर पडायची धडपड करू नका, तीच गाडीला नेते. ठरावीक अंतरावर बाजूला व्हायला जागा असतात. बस समोर आली तर आपण मागं जायचं. कंबरदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना आणि गरोदर बाईला या वाटांचे हादरे सोसत नाहीत. आईला मी तळ्यापर्यंत नेलं, पण पुढच्या सीटवर, पाठीला उशी देऊन, आणि दर वीस मिनिटांनी थांबत.

गाडी रुतलीच तर

रुतेल. लाज वाटायचं काही कारण नाही. फक्त क्रम मोडू नका.

चाक जागच्या जागी फिरायला लागलं की लगेच पाय काढा. मुलांना उतरवून कोरड्या बाजूला, येणाऱ्या गाड्यांपासून दूर, एका मोठ्या माणसाच्या ताब्यात द्या. मग रिव्हर्समध्ये, आलेल्या चाकोरीवरून मागं यायचा एक सौम्य प्रयत्न. नाही निघाली तर फावडं. चारही चाकांपुढची वाळू उतरती कापा, आणि पोट टेकलं असेल तर पोटाखालची वाळूही काढा. लोक चाकं मोकळी करतात आणि पोट विसरतात; गाडी मग हलणारच नाही. हवा १५ वर आणा. तरी जमलं नाही तर बोर्ड चाकांच्या अगदी पुढं, दात वर करून, दडपून बसवा आणि लो रेंजमध्ये हळूच चढवा. चाक बोर्डावर गरगर फिरवलं तर दात वितळतात.

पट्टा लावून दुसऱ्या गाडीनं ओढणं सगळ्यात शेवटी. आणि इथं मी विनवणी करून सांगते: पट्टा टोबॉलला, म्हणजे ट्रेलर ओढायच्या गोळ्याला, कधीही अडकवू नका. ताणला गेला की तो गोळा तुटून बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात माणसं अशी मेली आहेत. फक्त रिकव्हरी पॉइंट. पट्टा तुटला तर उसळू नये म्हणून त्यावर ओलं जाड कापड किंवा त्यासाठीच मिळणारं वजन (डॅम्पर) टाका. आणि सगळ्या बघ्यांना, मुलांना तर नक्कीच, पट्ट्याच्या दीडपट लांबीपलीकडे उभं करा. समुद्र चढत असेल तर वेळ घालवू नका, येणाऱ्या पहिल्या गाडीला हात करा. या बेटावर लोक थांबतात.

सातवी पायरी: तळ आणि वोंगारी

तळावर अंधाराच्या दोन तास आधी पोचा. वाळूत नेहमीच्या बारीक खुंट्या धरत नाहीत. लांब, रुंद वाळूच्या खुंट्या घ्या. वाऱ्याची बाजू बघून गाडी आडवी लावली की तंबूला आडोसा मिळतो.

वोंगारी दिसायला आपल्या गावठी कुत्र्यासारखा, तांबूस, सडपातळ. आणि त्यामुळेच आपल्या माणसांना धोका जास्त. दारात आलेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकायचा ही आपली सवय, आपल्याकडे ते पुण्याचं काम. इथं तो तुकडा त्या प्राण्याचा जीव घेतो. माणसाकडून खायला मिळतं हे कळलं की तो माणसाकडे येतो, मग अंगावर येतो, आणि मग त्याला मारावं लागतं. २००१ मध्ये इथं नऊ वर्षांच्या मुलाचा बळी गेला. खाऊ घालण्याला मोठा दंड आहे. आई-बाबांना हे विमानतळावरून घरी येतानाच सांगायला सुरुवात करा, कारण सवय एका दिवसात सुटत नाही.

मुलं कायम हाताच्या अंतरावर. तळाला कुंपण असलं तरी संडासला एकटं पाठवायचं नाही. चालायला जाताना हातात काठी. खाणं, कचरा, टूथपेस्ट, साबण, रिकामा डबा, मासळीचं आमिष, सगळं गाडीत बंद. तंबूत काहीही नको, बिस्किटाचा पुडाही नको. बर्फपेटी बाहेर ठेवाल तर ती उघडायला त्याला वेळ लागत नाही. उरलंसुरलं पुरू नका, तो उकरतो.

एकदा पहाटे धाकट्याला घेऊन मी पुळणीवर गेले होते. झाडीतून एक वोंगारी आला आणि वीसेक पावलांवर थांबला. कान ताठ, नजर मुलावर. पळावंसं वाटलं. पळायचं नसतं. मी धाकट्याला पाठीशी घेतलं, तोंड त्याच्याकडेच ठेवलं, हात छातीशी दुमडले आणि एक-एक पाऊल मागं येत मोठ्यानं नवऱ्याला हाक मारली. तो थोडा वेळ बघत राहिला, मग वाळू हुंगत निघून गेला. हे मुलांकडून घरच्या अंगणात चार वेळा करून घ्या: ताठ उभं राहा, हात छातीशी, तोंड त्याच्याकडे, मागं-मागं, हाक मारा. अंगावर आलाच तर मात्र जे हाताला लागेल त्यानं जोरात प्रतिकार करायचा.

आठवी पायरी: दिवस कसे घालवायचे

पहिला दिवस फक्त पोचणं आणि तळ ठोकणं. हूक पॉइंटहून डंडुबारा साधारण दोन तास, वाटेत थांबे धरून तीन. त्यात माहेनो हे गंजलेलं जहाज लागतं. १९०५ मध्ये बांधलेलं, १९३५ च्या जुलैत भंगारासाठी जपानला ओढून नेताना वादळात इथं येऊन फुटलं. गाडीतून उतरून बघा, पण चढू नका. लोखंड पातळ आणि धारदार झालंय.

दुसरा दिवस ईलाय क्रीकला द्या, सबंध दिला तरी चालेल. तासाला चाळीस लाख लिटरपर्यंत गोडं पाणी या ओढ्यातून समुद्राला मिळतं. ओढ्याच्या कडेनं लाकडी पूलवाट आहे. मुलं हवेची ट्यूब घेऊन वर चालत जातात आणि प्रवाहावर पाठीवर पडून खाली तरंगत येतात. पाणी इतकं नितळ की तळाच्या वाळूवरची आपली सावली दिसते, आणि गार म्हणाल तर पाय घातल्याबरोबर ओरडायला होतं. बाबा पॅंट दुमडून तीन वेळा वाहत आले. सकाळी ९ च्या आधी पोचा, नंतर टूर बस येतात.

तिसऱ्या दिवशी, सुकती बघून, उत्तरेला इंडियन हेड आणि शॅम्पेन पूल. कॅप्टन कुकनं १७७० मध्ये या कड्यावर जमलेले मूळ रहिवासी पाहिले, त्यांना 'इंडियन' म्हटलं, तेव्हापासून हे नाव; आपल्याशी त्याचा संबंध नाही. बुचुला लोकांसाठी ही जागा पवित्र आहे, तेव्हा पाट्यांवर लिहिलेलं पाळा. कड्याला वळसा घालणारी वाट फार मऊ आहे, जायच्या आधी हवा तपासा. शॅम्पेन पूल म्हणजे खडकांनी अडवलेली डबकी. लाट आत फुटते तेव्हा फेस येतो. सुकतीलाच उतरा आणि खडकांवर जपून. त्याच्याही पुढं न्काला खडक आहेत, तिथं मुलं घेऊन जायचं कारण नाही.

बाकी समुद्रात पोहायचं नाही. अजिबात नाही. शार्क आहेत, ओढ जबर आहे, जीवरक्षक नाही. पोहायला तळी.

तळ्यांत लेक मॅकेंझी सगळ्यांना माहीत असतं. बुचुला भाषेत ते बूरानगूरा. पांढरीशुभ्र बारीक वाळू, कडेला पारदर्शक आणि आत निळं होत जाणारं पाणी. त्यात ओढा येत नाही आणि त्यातून जातही नाही, फक्त पाऊस. म्हणून पाण्यात गेलेला साबण, तेल, सनस्क्रीन तिथंच राहतं. सनस्क्रीन लावायचंच तर तासभर आधी, किंवा लांब बाह्यांचे पोहायचे कपडे घाला. साबण लावून आंघोळ नाही. आणि डबा काठावर उघडायचा नाही. पाण्याखेरीज खाणंपिणं काठावर चालत नाही, त्यासाठी वाहनतळाजवळ कुंपणातली जागा आहे. तिथं बसून पोटभर खा, मग खाली जा.

परतताना सेंट्रल स्टेशनला थांबा. युराँगहून नऊ किलोमीटर, पण अर्धा तास लागतो. एके काळी इथं लाकूडतोड्यांची वस्ती होती. इथल्या सॅटिने झाडाचं लाकूड समुद्रकिड्याला दाद देत नाही, म्हणून ते सुएझ कालव्यापर्यंत गेलं. तोड १९९१ मध्ये थांबली. आता लाकडी वाटेवरून वांगूलबा ओढ्याच्या कडेनं चालता येतं. ओढा वाळूवरून वाहतो, त्यामुळे त्याला आवाजच नाही. मुलांना गप्प बसवायला मला एरवी जमत नाही, इथं ती आपण होऊन गप्प होतात.

शेवटची पायरी: परत येताना

तंबू सुकतीच्या वेळेपासून उलटा हिशेब करून मोडा. शेवटच्या दिवशी लोक उशिरा उठतात, रेंगाळतात आणि मग चढत्या पाण्याशी शर्यत लावतात. कोकणातही दर सुट्टीत किनाऱ्यावर लाटांत सापडलेल्या गाड्यांच्या बातम्या येतात, कारण तेच असतं. उशीर झालाच तर सामान गाडीत ठेवून खुशाल चार-पाच तास थांबा, चहा करा. पाणी पुन्हा उतरतंच.

डांबराला लागल्याबरोबर हवा पुन्हा ३५-४० वर भरा. १८ च्या दाबावर हायवेवर गेलं तर टायर तापून फुटतो. रेनबो बीचलाच गाडीचं पोट गोड्या पाण्यानं धुवा, आणि घरी आल्यावर पुन्हा. बागेचा पाणी फवारणारा स्प्रिंकलर गाडीखाली सरकवून अर्धा तास चालू ठेवा, मग थोडा पुढं ओढून परत अर्धा तास. चेसीच्या पोकळ नळ्यांत नळी घालून वाळू बाहेर येईपर्यंत पाणी सोडा. ब्रेकच्या आसपास आणि चाकांच्या आतल्या बाजूला साठलेली वाळू बोटानं चाचपून काढा. एअर फिल्टर काढून झटका. तंबू ओला असेल तर त्याच संध्याकाळी दोरीवर पसरा. खारट ओल राहिली की आठवड्यात काळे ठिपके पडतात, आणि ते कशानंही जात नाहीत.